ठाणं की परदेश? रोजच्या मोकळीकीबद्दल नेहमी विचारले जाणारे प्रश्न

आमच्या मानपाड्याच्या सोसायटीत कोणाचा तरी मुलगा नाहीतर सून कायम बाहेर असते, किंवा जायच्या तयारीत असते. मी आणि नवरा आधी सिंगापूर, मग जर्मनीत स्टुटगार्ट असं करून परत आलोय, नणंद न्यू जर्सीत, दादा दुबईत, त्यामुळे लिफ्टमधे, हळदीकुंकवाला, भाजीच्या गाडीवर मला तेच तेच प्रश्न येतात. आता एकदाच सगळं टाईप करून ठेवतेय, कोणी विचारलं की हेच पाठवणार. व्हिसा-टॅक्सचे नियम सारखे बदलतात, ते सरकारी साइटवर बघूनच घ्या, माझ्या भरवशावर तिकीट काढू नका.

परदेशात खरंच आपल्यापेक्षा जास्त स्वातंत्र्य आहे का?

कशाचं, ते आधी सांगा. इथे माणसं नडतात, तिथे कागद नडतो. ठाण्यात तुम्ही रात्री किती वाजता आलात, कोणाच्या गाडीतून उतरलात, स्विगीवाला कितीदा आला हे वॉचमनपासून समोरच्या काकूंपर्यंत सगळ्यांना पाठ असतं, पण आधारवरचा पत्ता अजून डोंबिवलीचाच असला तरी वर्षानुवर्षं काही अडत नाही. स्टुटगार्टला बरोब्बर उलटं. घरी कोण आलंय हे शेजारी कधी विचारणार नाहीत, पण घर बदललं की दोन आठवड्यांच्या आत सरकारी ऑफिसात जाऊन पत्ता नोंदवायचा, तो कागद नसेल तर पुढचं प्रत्येक काम अडतं. बेलवर आणि पत्रपेटीवर आडनाव लावलं नाही तर पोस्टमन पत्र परत घेऊन जातो. आणि घरात टीव्ही असो-नसो, तिथल्या सार्वजनिक चॅनलसाठी प्रत्येक घरामागे महिन्याला १८.३६ युरो भरायचेच. हे ऐकून सासूबाई म्हणाल्या, यापेक्षा आपला केबलवाला बरा, निदान त्याच्याशी भांडता तरी येतं.

रात्री उशिरा एकटीने फिरता येतं का?

येतं, आणि परत आल्यावर मला सगळ्यात जास्त आठवण त्याचीच येते, त्या स्वच्छ रस्त्यांची वगैरे नाही. सिंगापूरला शेवटची मेट्रो पकडून एकटी चालत घरी जाताना फोन कानाला लावून "हो हो, पोचतेच दोन मिनिटात" असं खोटं बोलायची वेळ येत नव्हती. ठाण्यात स्टेशनवरून रात्री रिक्षा केली की आधी नंबरचा फोटो काढून घरी पाठवायचा, मग माजिवड्याला गाडी बरोबर वळली का ते बघत बसायचं, हे इतकं अंगवळणी पडलंय की आपण ते करतोय हेही कळत नाही. बाकी देशाच्या मानाने मुंबई-ठाणं खूप बरं हे मी पण म्हणते, रात्रीच्या लेडीज डब्यात पोलीस असतो, रस्त्यावर माणसं असतात. आणि तिकडे सगळीकडे सिंगापूर नसतं. जर्मनीत मोठ्या स्टेशनच्या बाहेर रात्री दारुड्यांचे घोळके असतात, आणि नणंदेच्या गावात तर फुटपाथच नाही, गाडी नसेल तर बाई घरातच.

कपडे, लिव्ह-इन, आंतरजातीय लग्न... तिकडे कोणी काही बोलत नाही का?

नाही बोलत. कायद्याने बघाल तर इथेही बरंच मोकळं झालंय. लिव्ह-इन गुन्हा नाहीये, समलैंगिक संबंध गुन्हा ठरवणारं कलम ३७७ सुप्रीम कोर्टाने २०१८ ला संमतीच्या संबंधांपुरतं रद्द केलं, फक्त तशा लग्नाला २०२३ मधे मान्यता दिली नाही. जर्मनीत असं लग्न २०१७ पासून होतं. सिंगापूरने त्यांचं ३७७ए २०२२ मधे काढलं, पण लग्नाचा दरवाजा बंदच ठेवला. आपल्याकडे अडचण होते ती कायद्याच्या बारीक अक्षरात, म्हणजे १९५४ च्या स्पेशल मॅरेज ॲक्टखाली लग्न करायचं तर तीस दिवस आधी नोटीस, ती ऑफिसच्या बोर्डावर लागते, आणि ज्या नातेवाईकांपासून लपवायचंय त्यांच्यापर्यंत ती बरोब्बर पोचते.

भाड्याचं घर कुठे सोपं?

मिळायला ठाण्यात, राहायला जर्मनीत.

इथे ब्रोकर पहिल्यांदा विचारतो फॅमिली की बॅचलर, व्हेज की नॉनव्हेज, आणि मग हळूच आडनाव. त्यातून पास झालात तर आठवड्यात चावी हातात. मग अकरा महिन्यांचं लीव्ह अँड लायसन्स, ते लेखी करून रजिस्टर करणं १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याने बंधनकारक, पोलीस व्हेरिफिकेशन, सोसायटीचं एनओसी. भाडेकरू ठेवला म्हणून सोसायटी मालकाकडून जे नॉन-ऑक्युपन्सी चार्जेस घेते ते सर्व्हिस चार्जेसच्या १० टक्क्यांवर घेता येत नाहीत, पण बॅचलर मुलींकडे नऊनंतर मित्र यायचे नाहीत असले नियम कमिटी कुठून काढते ते कमिटीलाच ठाऊक.

जर्मनीत एका फ्लॅटला रांगच्या रांग, सॅलरी स्लिपा द्या, शूफा नावाचा क्रेडिट रिपोर्ट द्या, आणि परदेशी आडनाव बघून मेलला उत्तरच न येणं हा प्रकार तिकडेही आहे, उगाच गैरसमज नको. पण एकदा घर मिळालं की डिपॉझिट जास्तीत जास्त तीन महिन्यांचं मूळ भाडं, अकरा महिन्यांची टांगती तलवार नाही, मालक मनात आलं म्हणून काढू शकत नाही आणि न सांगता घरात पाऊल टाकू शकत नाही. फक्त एक गंमत. आम्हाला किचन म्हणून जी खोली दाखवली ती रिकामी होती. ओटा नाही, सिंक नाही, भिंतीतून दोन पाईप आणि एक जाड वायर बाहेर आलेली, बाकी काही नाही. आधीचा भाडेकरू त्याचं किचन उचलून घेऊन गेला होता, आणि तिकडे ते सर्रास चालतं.

जर्मनीत रविवारी वॉशिंग मशीनसुद्धा लावू देत नाहीत हे खरं का?

मशीनचं बिल्डिंगवर असतं. पण ड्रिल नाही, हातोडी नाही, आणि रिकाम्या काचेच्या बाटल्या रस्त्यावरच्या मोठ्या डब्यात टाकायच्या नाहीत, कारण आत पडताना खळ्ळकन आवाज होतो, डब्यावरच वेळा लिहिलेल्या असतात. रोज रात्री दहा ते सकाळी सहा शांतता, रविवारी पूर्ण दिवस, आणि दुकानं बंद. शनिवारी रात्री दूध संपलंय लक्षात आलं तर पेट्रोल पंप गाठा नाहीतर सोमवारपर्यंत कोरा चहा. आमच्या इथे वाण्याला साडेदहाला फोन केला तरी पोरगा दूध आणि वर कोथिंबीर घेऊन दारात येतो.

पण मला विचाराल तर त्या रविवारची सवय लागते. आणि नियम आपल्याकडेही आहेतच की. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे रात्री दहा ते सहा लाउडस्पीकर बंद, सणांसाठी वर्षातून जास्तीत जास्त पंधरा दिवस बारापर्यंत सूट, रहिवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल. ठाण्याच्याच एका डॉक्टरांच्या याचिकेवर मुंबई हायकोर्टाने ऑगस्ट २०१६ मधे आवाजावर सविस्तर निकाल दिलाय. त्यानंतर दहीहंडीला घराच्या खिडकीच्या काचा थरथरायच्या थांबल्या का, ते नौपाड्यात राहणाऱ्या कोणालाही विचारा. कोणी तक्रार करायची, हा खरा प्रश्न. मंडळवाला तुमच्याच बिल्डिंगमधला असतो.

दिवाळीला फटाके, आकाशकंदील चालतात का?

कंदील लावा कितीही. फटाके जर्मनीत फक्त डिसेंबरच्या शेवटच्या तीन दिवसांत विकतात, म्हणजे दिवाळीला नाहीच. सिंगापूरला १९७२ पासून बंदी. इंग्लंडमधे मात्र दिवाळीच्या रात्री एक वाजेपर्यंत उडवता येतात, त्यांच्या नियमात दिवाळीचं नावच आहे. स्वस्तिकाचं जरा सांभाळा. जर्मनीत नाझी चिन्हावर कायद्याने बंदी आहे, आपलं धार्मिक वेगळं हे खरं, पण नव्या गाडीच्या बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक काढून पार्किंगमधे उभी केलीत तर शेजाऱ्याला समजावून सांगेपर्यंत घाम फुटेल. आम्ही नुसतं हळदकुंकू लावलं, नारळ फोडला आणि गप घरी आलो.

खाण्यापिण्याचं?

घरात काय शिजतंय यात बाहेर कोणी नाक खुपसत नाही, फक्त वासाचं बघावं लागतं. सुके बोंबील भाजले की स्मोक अलार्म कोकलतो, मग टॉवेल हलवत उभं राहायचं. नणंदेच्या अपार्टमेंटमधे तर लाल मिरचीच्या फोडणीने अलार्म वाजला आणि ती पोळपाट हातात घेऊन खाली पार्किंगमधे. वासाच्या तक्रारी येतातच, त्यात इथल्यासारखं पावित्र्य-बिवित्र्य नसतं एवढंच. इथे घोडबंदरला काही टॉवरमधे मासे खाणाऱ्याला फ्लॅटच देत नाहीत, कोळी-आगऱ्यांच्या जमिनीवर उभे आहेत ते टॉवर, असो. गोवंश हत्याबंदी महाराष्ट्रात २०१५ पासून बैलांनाही लागू आहे, हायकोर्टाने २०१६ मधे परराज्यातून आणलेलं मांस जवळ बाळगायला हरकत नाही म्हटलं. आणि २०२५ च्या १५ ऑगस्टला शेजारच्या कल्याण-डोंबिवली महापालिकेने मटणाची दुकानं बंद ठेवायला सांगितली तेव्हा स्वातंत्र्यदिनाला हे काय, असं बऱ्याच जणांनी विचारलं होतं.

दारू: जर्मनीत सोळाव्या वर्षी बियर. महाराष्ट्रात बियरला २१, बाकी दारूला २५ पूर्ण, आणि १९४९ च्या कायद्याप्रमाणे प्यायला परमिट लागतं, हे निम्म्या ठाण्याला माहीत नाही. सिंगापूरला रात्री साडेदहानंतर सार्वजनिक जागी प्यायलात तर दंड.

सरकारविरुद्ध बोलता येतं का?

इथे "आपल्याकडे काही बोलायची सोय राहिली नाही" असं म्हणणारे काका लगेच पुढच्या वाक्यात सिंगापूर-दुबईचं कौतुक करतात, तेव्हा मला गंमत वाटते. सिंगापूरला एकट्या माणसाने पाटी घेऊन उभं राहायलासुद्धा पोलीस परवानगी लागते. होंग लिम पार्कात बोलायचा एक कोपरा २००० साली ठेवलाय, तिथेही परदेशी माणसाला निदर्शनात भाग घेता येत नाही. दुबईत राजकीय पक्षच नाहीत, ऑनलाइन शिवी देणं हा गुन्हा, आणि व्हॉट्सॲप कॉल साधा लागत नाही, आई दादाशी बोलते ती परवानगी असलेल्या वेगळ्या ॲपवर. जर्मनीत सरकारला काहीही म्हणा, पण ट्रॅफिकमधे कोणाला बोट दाखवलंत तर तो अपमान म्हणून फौजदारी गुन्हा होऊ शकतो. बोलायचा सगळ्यात मोठा हक्क अमेरिकेत, पण व्हिसावर असलेला माणूस तो कितपत वापरतो? नणंद फेसबुकवर फक्त बागेचे फोटो टाकते.

आपलं चित्र साधं नाहीये. नोव्हेंबर २०१२ मधे बंदबद्दल फेसबुकवर एकीने लिहिलं आणि दुसरीने ते लाइक केलं म्हणून पालघरच्या दोन मुलींना अटक झाली, पालघर तेव्हा ठाणे जिल्ह्यातच होतं. त्या प्रकरणाने हलून कायद्याची एक विद्यार्थिनी सुप्रीम कोर्टात गेली आणि मार्च २०१५ मधे ऑनलाइन लिहिण्यावरून अटक करू देणारं आयटी कायद्यातलं कलम ६६ए रद्द झालं. म्हणजे अटकही इथेच झाली आणि कायदाही इथेच पडला. दुबईत यातली दुसरी गोष्ट होत नाही.

कामाला बाई नाही, मग जमतं कसं?

जमतं. नवऱ्याला भांडी घासता येतात हा शोध तिकडेच लागतो. डिशवॉशर घ्या, पोळ्या फ्रोझन आणा, कपड्यांना इस्त्री विसरा. इथे सकाळी साडेसातला बेल वाजते तिथून पोळीवाली, झाडूपोछा, कचरा, इस्त्रीवाला, कुरियर अशी दुपारपर्यंत दारात वर्दळ, आणि त्या सगळ्या आरामामागे एक बाई दिवा स्टेशनवरून लोकलला लटकून सहाला निघालेली असते. तिची सुट्टी किती आणि पगार किती, यावर सोसायटीत बायका जे एकमत करतात ते मला ऐकवत नाही. आपली मोकळीक तिच्या जिवावर आहे.

आजारी पडलं तर?

छोट्या दुखण्याला ठाणं, मोठ्या खर्चाला जर्मनी. इथे कान दुखला तर संध्याकाळी डॉक्टर, रात्री एमआरआय पण होईल, पैसे मोजा. जर्मनीत स्पेशालिस्टची अपॉइंटमेंट कधी कधी महिन्यांनी मिळते, पण सरकारी विम्यात पगाराचा ठरावीक टक्का जातो, अर्धा कंपनी भरते, आणि ऑपरेशनला घर विकायची वेळ येत नाही. इंग्लंडला व्हिसाबरोबरच आरोग्य शुल्क आगाऊ भरावं लागतं, २०२४ पासून बहुतेक मोठ्या माणसांना वर्षाला १,०३५ पौंड. अमेरिकेत नणंद ॲम्ब्युलन्स बोलवायच्या आधी विम्याचं कार्ड बघते, यातच सगळं आलं.

मुलांना तिकडे जास्त मोकळीक असते का?

मुलांना हो, आईबापांना नाही. जर्मनीत पहिली-दुसरीतली पोरं एकटी चालत शाळेत जातात, आपल्या तीन हात नाक्यावर तुम्ही सोडाल का? पण मुलावर हात उचलणं जर्मनीत २००० पासून कायद्याने बंद, घरातसुद्धा. घरी शिकवायला परवानगी नाही. आणि मे महिन्यात स्वस्त तिकीट मिळतंय म्हणून शाळा बुडवून भारतात यायचं म्हणाल तर दंड होऊ शकतो, बव्हेरियात तर सुट्टीआधी एअरपोर्टवर पोलिसांनी शाळकरी मुलांच्या आईबापांना अडवून विचारलं होतं. आजोबांना हे सांगितलं तेव्हा त्यांनी फक्त "अरे वा" म्हटलं, कौतुकाने की रागाने ते कळलं नाही.

मग नेमकं बांधल्यासारखं कधी वाटतं?

व्हिसाला. बाकी सगळं ठीक असतं, आणि मग कंपनीत कपात होणार अशी बातमी येते.

नोकरी गेली तर अमेरिकेत एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसावर साठ दिवस. साठ दिवसांत नवी नोकरी नाहीतर सामान बांधा, मुलांची शाळा, घराचा हप्ता, गाडी, काही विचारत नाहीत. सिंगापूरला साधारण महिना. ग्रीन कार्ड कोणत्याही एका देशाच्या लोकांना सात टक्क्यांपेक्षा जास्त द्यायचं नाही हा अमेरिकेचा नियम, भारतीय लाखोंनी, त्यामुळे रांग इतकी लांब की नंबर येईपर्यंत मुलं एकवीसची होऊन आईबापांच्या अर्जातूनच बाहेर पडतात. नवऱ्याच्या व्हिसावर गेलेली बायको २०१५ पर्यंत कामच करू शकत नव्हती, आताही नवऱ्याची फाईल ठरावीक टप्प्याला पोचल्यावरच परवानगी. नणंद आर्किटेक्ट आहे, कित्येक वर्षं शाळेच्या बेक सेलला केक करत बसली, आणि इथे सगळे म्हणायचे काय नशीब काढलंय. हे असं घरी बसायचं तिने ठाण्यात कोणाचं ऐकलं नसतं. बॉसला "नाही" म्हणता येणं, नोकरी सोडून सहा महिने घरी बसता येणं, हे इथे मला फुकट मिळतं, तिला नाही.

जर्मनी यात बरी. बायकोला पहिल्या दिवसापासून काम करता येतं, ब्लू कार्डवर, म्हणजे शिकलेल्यांच्या नोकरीच्या परवान्यावर, जर्मन भाषा बी-वन पातळीपर्यंत आली तर २१ महिन्यांत, नुसती सुरुवातीची ए-वन असेल तर २७ महिन्यांत कायमचा परवाना. म्हणून जायचं असेल तर भाषेच्या क्लासला आजच जा, राम मारुती रोडला शॉपिंग नंतर करा.

आईबाबांना कायमचं नेता येतं का?

बहुतेक ठिकाणी नाही. जर्मनीत व्हिजिटर व्हिसावर १८० दिवसांत ९०, अमेरिकेत साधारण एका वेळी सहा महिने, कॅनडाचा सुपर व्हिसा एका वेळी पाच वर्षांपर्यंत. पण आणलं तरी ते करणार काय? माझे बाबा आले, दोन आठवडे बाल्कनीतून ट्राम बघितली आणि मग म्हणाले तलावपाळीला एक फेरी मारून आलो असतो तर बरं झालं असतं. तिथे त्यांना बसची तक्रार करायलाही कोणी नव्हतं.

नागरिकत्व घेतलं तर मतदान?

भारत दुहेरी नागरिकत्व देत नाही. दुसरा पासपोर्ट घेतलात की आपला गेला, मूळ भारतीयांसाठीचं ओसीआय कार्ड मिळतं, त्यावर आयुष्यभर येजा करा, पण मतदान नाही आणि शेतजमीन विकत घेता येत नाही. पासपोर्ट भारतीयच ठेवलात तर मतदार म्हणून नाव नोंदवता येतं, फक्त मत द्यायला स्वतः यावं लागतं. इंग्लंडमधे गंमत आहे, तिथे राहणारा भारतीय पासपोर्टवालासुद्धा कॉमनवेल्थचा म्हणून त्यांच्या संसदेच्या निवडणुकीत मत देऊ शकतो.

तिकडे जात विचारत नाहीत, हे तरी खरं ना?

गोरे विचारत नाहीत, त्यांना कळतच नाही. मराठी मंडळाच्या गणपतीत "मूळ गाव कुठलं?" आणि मग "अच्छा, म्हणजे तुम्ही..." असं अर्धवट सोडलेलं वाक्य मी स्टुटगार्टलाही ऐकलंय. सिॲटलने २०२३ मधे जातीवरून भेदभाव करायला बंदी केली ती काय उगाच? आणि रंगावरून ट्राममधे कोणी जागा बदलून बसलं की ते कळतं, सिद्ध मात्र करता येत नाही.

प्रवासाचं काय?

यावर वाद घालायला काही नाही. १८५३ ला देशातली पहिली पॅसेंजर गाडी ठाण्यालाच आली, आणि जून २०२५ मधे मुंब्र्याजवळ दारात लटकणारी माणसं रुळांवर पडून गेली. जर्मन गाड्या लेट असतात, खूप लेट असतात, पण दारात कोणी लटकत नाही.

नवी मुंबई म्हणजे परदेशच की, मग बाहेर कशाला?

पाम बीच रोड आणि फ्लेमिंगो बघून असं वाटतं खरं. माझी मावशी सीवूड्सला राहते, ती हेच म्हणते. सिडकोने १९७० पासून आखून वसवलंय, फुटपाथ आहेत, मोरबे धरणाचं पाणी आहे. पण फुटपाथवर गाड्या लावणारी माणसं ठाण्याचीच आहेत.

पैसे जास्त उरतात का?

दुबईत इन्कम टॅक्स नाही, उरतात. जर्मनीत दोघं कमावत असाल तर. एकट्याच्या पगारावर फार हिशोब करू नका.

निघायच्या आधी ठाण्यात काय उरकून ठेवू?

लग्नाचा आणि जन्माचा दाखला, दोन्ही ज्या देशात जाताय त्याला लागेल तसे अपोस्टिल (परदेशात कागद चालावा म्हणूनचा सरकारी शिक्का) किंवा दूतावासाकडून प्रमाणित करून घ्या, तिकडून हे करवताना जीव जातो. बँकेचं सेव्हिंग खातं एनआरओ, म्हणजे परदेशी राहणाऱ्यांचं खातं, करून घ्या, जुनंच चालवत बसणं नियमात बसत नाही. फ्लॅट असेल तर सोसायटीत नॉमिनेशन आणि विश्वासातल्या माणसाला पॉवर ऑफ ॲटर्नी. जर्मनीला जाणाऱ्यांनो, आपलं लायसन्स तिथे राहायला गेल्यापासून सहाच महिने चालतं, नंतर लेखी आणि गाडीची दोन्ही परीक्षा नव्याने, त्यात हजारो युरो जातात, तेव्हा इथे गाडी येते या भ्रमात राहू नका. चष्मे दोन करून न्या. आणि दाताचं जे काही असेल, रूट कॅनाल, कॅप, ते इथेच संपवा, शेवटच्या आठवड्यावर ढकलू नका, कॅप बसायला दोन-तीन फेऱ्या लागतात.